दुधाची गाठ

2022 च्या जानेवारीत, वेळ अमावस्येला शेतातून परतल्यावर मुलाला पाजायला घेतले, तेव्हा डाव्या स्तनात काखेच्या बाजूला हरभऱ्याच्या घाट्याएवढी गाठ हाताला लागली. माझे वय 31 होते आणि मुलगा दहा महिन्यांचा. आत्याबाईंनी चाचपून पाहिले आणि निकाल दिला, "दुधाची गाठ हाय, शेक दे, दोन दिसांत बसती." हा समज त्यांच्या एकट्यांचा नव्हता, तालुक्याला ज्या डॉक्टरांना दाखवले, त्यांनीही या वयात दुसरे काय असणार, असे म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दूध साचून झालेली गाठ दुखते, कातडी लाल आणि गरम होते, कधी ताप येतो आणि दूध निघाले की ती उतरते. माझी गाठ दुखत नव्हती आणि पाजूनही जशीच्या तशी राहत होती. ती दुखत नाही याचाच मी दिलासा मानत होते, त्यात दीड महिना गेला.

लातूरला आधी सोनोग्राफी झाली, कारण तरुण आणि त्यातही पाजत्या बाईच्या दाट स्तनात मॅमोग्राफीला गाठ नीट दिसत नाही. मग जाड सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. तो कॅन्सर निघाला. बार्शीला कॅन्सरचे रुग्णालय आहे, त्यामुळे आमच्याकडे 'बार्शीला नेले' एवढे म्हटले की आजार कोणता, ते वेगळे सांगावे लागत नाही; माझ्याबाबतीत ते वाक्य गावात माझ्या आधी पोहोचले होते.

बार्शीला पहिली अडचण आजाराची नव्हती, रेशनकार्डाची होती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार व्हायचे, तर केशरी कार्डावर माझे नाव हवे होते, आणि लग्नाला तीन वर्षे होऊनही ते माहेरच्याच कार्डावर होते. माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणून ते सासरच्या कार्डावर चढवेपर्यंत यांना अकरा दिवस खेटे घालावे लागले. तेव्हा योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांची होती. कागद कोणता आणि कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने न कंटाळता सांगितले, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

शस्त्रक्रियेआधी दूध बंद करण्याच्या गोळ्या दिल्या. एरवी आमच्याकडे लेकराला तोडायचे, तर कडुलिंबाचा पाला वाटून लावतात, चार-आठ दिवस रडारड होते आणि ते सुटते. इथे ते एका संध्याकाळी करायचे होते. मुलगा रात्रभर पदर ओढत होता, म्हणून पुढचे चार दिवस मी शेजारच्या घरी निजले. सगळ्या उपचारांत मला सर्वांत जड गेले ते हे, केमो नव्हे.

मार्चमध्ये डावा स्तन आणि काखेतल्या 14 लसिका गाठी काढल्या, त्यांतल्या दोन गाठींत रोग पोहोचला होता. पुढे दर तीन आठवड्यांनी एक अशा चार केमो झाल्या. त्या लाल औषधाने लघवीही लाल होते, हे आधी सांगितले असते तर पहिल्या दिवशी मी घाबरले नसते. सोळाव्या दिवशी केस गेले. त्यानंतर दुसऱ्या औषधाच्या दर आठवड्याला एक अशा बारा केमो, आणि शेवटी 15 दिवस रेडिएशन. तिसऱ्या महिन्यात पाळी थांबली, तेव्हा वॉर्डातल्या एका शिकलेल्या मुलीकडून कळले, की केमोने बीजांडकोशाला इजा होऊ शकते, म्हणून मूल हवे असेल तर स्त्रीबीजे आधीच गोठवून ठेवता येतात. मला हे कोणी विचारले नव्हते. एक लेकरू आहे, तेवढे पुरे, असे सगळ्यांनी परस्पर गृहीत धरले होते. आम्हाला तो खर्च झेपला असता असे नाही, पण नाही म्हणण्याची संधी तरी माझी होती.

उपचार संपले की माणूस बरे झाले, असे गाव मानते. माझा रोग इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकावर पोसला जाणारा, म्हणून नोव्हेंबरपासून रोज रात्री ते अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनची 20 मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली, ती किमान पाच वर्षे. अंगातून एकाएकी वाफा निघतात. लातूरच्या मे महिन्यात घाम उन्हाचा कोणता आणि गोळीचा कोणता, हे मात्र ओळखता येत नाही. या गोळीवर असताना दिवस राहिले, तर गर्भाला धोका असतो आणि संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या माझ्यासारखीला चालत नाहीत, म्हणून तांबी बसवली. काखेतल्या गाठी काढल्याने हाताला सूज येऊ शकते. भिंतीवर बोटे वर वर सरकवत नेण्याचा व्यायाम अजून चालू आहे. घट्ट काही घालू नका, असे सांगितल्याने डाव्या हातात मी दोनच सैल बांगड्या ठेवते. संक्रांतीला कासारीण माझा तो हात पाहून गप्प झाली, तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, "उजव्या हातात जास्तीच्या भर."

पाळी चौदा महिन्यांनी परत आली. दुसऱ्या मुलाचा विषय मी गेल्या वर्षी डॉक्टरांपुढे काढला. त्यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाविषयी सांगितले: 18 ते 30 महिने माझ्या गोळीसारखी औषधे घेऊन, मग मुलासाठी जास्तीत जास्त दोन वर्षे ती थांबवणाऱ्या 500 हून अधिक स्त्रियांमध्ये रोग परतण्याचे प्रमाण सुमारे साडेतीन वर्षांपर्यंत तरी वाढलेले दिसले नव्हते. पुढचा काळ पाहणे बाकी आहे आणि माझ्या दोन गाठींचाही विचार करावा लागेल, हेही त्यांनी लपवले नाही. यांचे मन अजून होत नाही, माझे अर्धे झाले आहे.

पुढच्या तारखेला विचारायचे प्रश्न मी वहीत उतरवते आहे. गोळी बंद केल्यावर किती महिने थांबायचे, तपासण्या किती दिवसांनी करायच्या, असे ते आहेत. शेवटचा प्रश्न आत्याबाईंनी चुलीपुढे बसून सांगितला आणि मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला: "येका अंगाचं दूध लेकराला पुरतंय का?"