८१६८ चा बार १ कुठे गेला?

रिअलटेक ८१६८ या नेटवर्क कार्डासाठी मी लिनक्सचा ड्रायव्हर लिहितोय. चार रात्री गेल्या, पण काल साडेअकराला डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) कार्डाच्या मॅक पत्त्याचे सहा बाइट उमटले: ००:ई०:४सी आणि पुढचे तीन. कार्डावरच्या स्टिकरशी ताडून पाहिले. तंतोतंत! रिअलटेक ८१६८ एकदाचं माझ्या ड्रायव्हरशी बोललं.

प्रोबच (कार्ड सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो ते) येत नसल्याचं रडगाणं मागे गायलो होतोच. कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर आर८१६९ काढल्यावर ते मिटलं. पण प्रोब आला आणि पहिल्याच वाचनाला ऊप्स (कर्नलची क्रॅश नोंद), पत्ता शून्य. बार म्हणजे कार्डाने ड्रायव्हरसाठी मागितलेला पत्त्यांचा पट्टा, ० ते ५ असे सहा. बार १ मॅप करताना नल (रिकामा पत्ता) मिळत होतं आणि मी ते तपासत नव्हतो (हसून घ्या). बारची लांबी छापली, तीही शून्य.

मग प्रोकमधलं आयओमेम (कुठले पत्ते कुणाला दिलेत त्याची कर्नलची यादी) उघडलं. सगळे पत्ते शून्य! बायोसने कार्डाला जागाच दिली नाही, असं मी ठरवूनच टाकलं. खोडरबराने कार्डाचे कॉन्टॅक्ट घासले, स्लॉट बदलला, लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या रात्री ट्यूब पेटली: अरे, रॅमचेही पत्ते शून्य कसे? सुडो लावलंच नव्हतं. रूट (प्रशासक) नसेल तर कर्नल ते आकडे झाकतो. सुडो लावल्यावर कार्डाची जागा समोर हजर. दुकानदार निर्दोष.

खरी चूक माझ्या कॉपी-पेस्टची: रिअलटेकच्याच जुन्या ८१३९ च्या कोडवरून बार १ तसाच उचलला. ८१३९ मध्ये बार ० आय/ओ, बार १ मेमरी, दोन्ही २५६ बाइटचे. ८१६८ मध्ये बार ० आय/ओच, पण मेमरी थेट बार २ वर, ४ केबी. बार १ रिकामाच. सेटपीसीआयने (कार्डाची रजिस्टरं वाचणारी कमांड) बार २ कच्चा वाचला तर शेवटचा हेक्स अंक ४, म्हणजे ०१००: मेमरी, ६४ बिट. म्हणून तो बार ३ ची जागाही खातो. हे सगळं एलएसपीसीआय -व्हीव्ही (कार्डांची तपशीलवार यादी देणारी कमांड) पहिल्याच दिवशी सांगत होतं. डेटाशीटआधी तेच बघावं, असं माझं ठाम मत झालंय.

कोडमध्ये बारचा नंबर आधी थेट २ लिहिला. मग लाज वाटून ० ते ५ लूप लावून मेमरीचा फ्लॅग तपासला. आणि आर८१६९ चा कोड चाळला तर तिथे हवे ते बार निवडणारं पीसीआय-सिलेक्ट-बार्स फंक्शन आयतं! लूप पुसला.

आता ट्रान्समिट रिंग (पाठवायच्या पॅकेटची रांग) घेणार होतो, पण बार ४ चे १६ केबी डोळ्यात सलतायत. माझ्या कार्डाचं एमएसआय-एक्स टेबल (कार्डाने सीपीयूला द्यायच्या हाकांचं, म्हणजे इंटरप्टचं) तिथेच आहे. तेव्हा आधी इंटरप्ट, रिंग नंतर. कुणाकडे ८१२५ (रिअलटेकचंच नवं कार्ड) असेल तर एलएसपीसीआयचं आउटपुट टाका ना, सुडोसकट.