आमची वाटचाल : कुर्ल्यातलं जीपचं गॅरेज

पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या. शेडमध्ये दाटीवाटीने तीन जीप उभ्या राहतात. इंजिन बाबांकडे, गिअरबॉक्स आणि हाऊसिंग (अ‍ॅक्सलची पेटी) माझ्याकडे नि धाकट्याकडे, ब्रेकची हवा काढायला आई. हे शेवटचं काम एकट्याने होतच नाही. एक जण पेडलवर, दुसरा खाली चाकामागच्या निपलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पाना लावून : "दाब... धर... सोडू नको... आता सोड." ब्रेकचं तेल दाबणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपल बंद व्हायच्या आत पेडल सुटलं की हवा परत आत. पगारी पोरांचा पाय घाई करतो, आईचा करत नाही.

आमचं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे इंजिन फिरवायचं हँडल. ते धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटतं, अंगठा वाचतो. सेल्फ (बॅटरीवर इंजिन चालू करणारी मोटर) आल्यावर लोकांनी हँडलं भंगारात घातली. आमचं गॅरेज मात्र त्याच हँडलावर वाचलं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आमच्या शेडमध्ये पाणी बॉनेटपर्यंत, आत गिऱ्हाइकांच्या तीन जीप. पाणी ओसरल्यावर पलीकडच्या गल्लीतल्या एकाने (नाव घेत नाही) बॅटऱ्या बदलून, सेल्फ मारून 'एका दिवसात चालू' करून द्यायचा सपाटा लावला. आम्ही पंधरा दिवस मागत होतो, त्यामुळे आमचीही गिऱ्हाइकं तिकडे वळली. आता कारण ऐका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. वाकलेला रॉड तेव्हा काही बोलत नाही, पुढे कधीतरी घाटात ब्लॉक (इंजिनाचं धड) फोडून बाहेर येतो. त्यातल्या दोन गाड्या नंतर आमच्याकडेच आल्या. ब्लॉक गेलेला, आणि वर "तुम्ही महाग" हे ऐकायचं ते आम्हीच.

आमची पद्धत साधी होती. आधी बॅटरीची वायर काढायची. चारही प्लग काढायचे, डिझेल असेल तर हीटर प्लग. मग हँडलने सावकाश दोन-तीन फेरे. भोकांतून पिचकारी उडते, ती थांबेपर्यंत फिरवायचं. चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) नट थोडाच सैल करायचा, कारण पाणी तेलाच्या खाली बसतं आणि आधी तेच येतं. स्वस्त तेल भरून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवायचं, ते ओतून टाकायचं, मग नवा फिल्टर आणि चांगलं तेल. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही हाऊसिंगचं तेल चहासारखं दुधट दिसलं की बदललंच पाहिजे. ब्रीदरमधून (हवा खेळायच्या बारीक भोकातून) पाणी आत जातं हे कुणाच्या लक्षातच येत नाही. हबचे बेअरिंग रॉकेलने धुऊन नवं ग्रीस. सेल्फ आणि डायनामो उघडून सुकवायचे.

त्या तिघींत चेंबूरच्या एका डॉक्टरांची सीजे-३बी (जुन्या जीपचं एक मॉडेल) होती. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, पण एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. तिथे पाणी बसलं की गाईडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत) गंज धरतो आणि व्हॉल्व्ह अडकतो. दोन अडकले होते. बाजूचं टॅपेट कव्हर काढून चार दिवस डिझेल सोडत राहिलो, तेव्हा कुठे हलले. हातोडी मारली असती तर गाईडच फुटला असता. नंतर थंड इंजिनावर टॅपेटची फट : इनटेक १८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ), एक्झॉस्ट १६. डॉक्टरांनी दीड महिना एकदाही फोन केला नाही, उलट निम्मे पैसे आगाऊ दिले. त्या पैशांतून बाकीच्या दोघींचे सील आले. तो महिना शेडचं भाडंही त्यातूनच गेलं.

पुढची वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. महिंद्राच्या एमएम ५४० जीपचं स्टिअरिंग ठरावीक वेगाला थडथडायला लागलं की लोक आधी डॅम्पर (थरथर शोषणारा दांडा) बसवतात. तसं करू नका. पुढचं चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. खेळ असला तर घरच्या कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दाबल्यावर खेळ गेला तर हबचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ). किंगपिनच्या शिम (पातळ चकत्या) कमी करायच्या, पण दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवून. मग टाय रॉडचे बॉल. मग टायरची हवा. डॅम्पर सगळ्यात शेवटी.

जीप विकत घेताना रंग बघू नका, मागच्या क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर) आणि स्प्रिंगच्या हँगरपाशी हातोडी वाजवा. आवाज बद्द आला तर रंगाखाली चेसिस कुजलेली आहे. आणि जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. दर पावसाळ्यात कुणीतरी पान्याला लांब पाइप घालून, भलत्याच दिशेने अंगाचं वजन टाकून नटाचा स्टड (बोल्ट) तोडूनच आमच्याकडे येतो.