चार बोटं उघडं दार

साडेपाच वर्षांची मुलगी, शाळेत आठ महिने एक शब्द नाही. शाळेच्या चिठ्ठीत शेरा होता, 'हट्टी आहे, मुद्दाम बोलत नाही.' आईच्या फोनवरच्या व्हिडिओत मात्र ती धाकट्या भावाला चांगली दटावत होती. वाक्यं पूर्ण, उच्चार स्वच्छ. श्रवणचाचणीही ठीक. म्हणजे सिलेक्टिव्ह म्युटिझम : घरी बोलणारं मूल शाळेसारख्या ठरावीक ठिकाणी गप्प होणं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरण-पुस्तिकेत, त्याची गणना चिंताविकारांत होते. या मुलांना बोलायचं असतं, पण ऐन वेळी आवाज फुटत नाही.

त्या दिवशी खोलीत फक्त मायलेकी आणि चित्रांच्या जोड्या लावायचे पत्ते. उपचार करणारी मी बाहेर, दार बंद. तिचा आवाज मोकळा झाल्यावर दार चार बोटं उघडलं. मग मी उंबऱ्यात, पाठमोरी. मग कोपऱ्यात, कागदात डोकं घालून. तिचा आवाज कुजबुजण्यावर उतरला की मी एक पाऊल मागे. दारापासून चटईपर्यंत यायला ५० मिनिटं लागली.

चटईवर पहिली पाच मिनिटं एकही प्रश्न नाही. ती करतेय तेवढंच बोलायचं : "हा पत्ता उलटलास. आता मासा शोधतेयस." मग पहिला प्रश्न, "मासा की बदक?" हो-नाहीचा प्रश्न इथे कामाचा नाही, मान हलवून भागतं. विचारलं की मनात पाचपर्यंत मोजायचं. हे पाच सेकंद मोठ्यांनाच सोसत नाहीत, आणि घरचं माणूस पटकन उत्तर देऊन मोकळं होतं. त्यामुळे आईकडून गप्प बसायची तालीम आधीच करून घेतली होती.

"बदक."

आईने टाळ्या वाजवल्या. मुलीने पत्ते पालथे घातले, आणि उरलेला वेळ शांततेत गेला. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर वळणं, हीच तर तिची भीती. अशा वेळी फक्त "हं, बदक. जोडी कुठाय त्याची?" असं म्हणून खेळ पुढे न्यायचा असतो. ती बोलली तर काय करायचं, हे आईला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात हाच क्रम रिकाम्या वर्गात, बाईंना घेऊन. हजेरीला नुसता हात वर केला तरी चालेल असं ठरलं. बाकावर एक कार्ड ठेवलं. ते उचललं की बाथरूमला जायची परवानगी. कपडे ओले होतात ही तक्रार शाळेने वेगळ्या कागदावर लिहिली होती. तिला परवानगी मागताच येत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.