हाकाताचा खड्डा बुजला, त्यानंतर

जपानमधल्या फुकुओका शहरातल्या हाकाता स्टेशनच्या पश्चिम दाराने बाहेर पडून थोडं चाललं की तो रस्ता लागतो. बँका, सिग्नल, घाईत निघालेली माणसं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे, सव्वापाचच्या सुमारास, तो खचला. जवळपास तीस मीटर लांब-रुंद आणि पंधरा मीटर खोल खड्डा! खाली नानाकुमा मेट्रोचा बोगदा खणणं चालू होतं. पाणी येताना दिसताच कामगार बाहेर पडले, वरची वाहतूक थांबवली गेली, म्हणून कुणाचा जीव गेला नाही.

आठवड्याभरात रस्ता खुला झाला आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'बघा, याला म्हणतात जपान' सुरू झालं. मला मात्र त्या आठवड्यापेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच महिन्याच्या २६ तारखेला तो रस्ता पुन्हा काही सेंटिमीटर बसला, ते कुणी फॉरवर्ड केलं नाही. आणि बोगदा? त्यात वाळू-पाणी भरलेलं. बोगद्याच्या माथ्यावरचा खडक झिजलेला, कमकुवत. त्याच्यावर पाण्याने भरलेली वाळू. ती जमीन आधी पक्की करायची, मग तिथूनच पुन्हा खणायचं. २०२० मध्ये सुरू व्हायचा, हाकातापर्यंतचा वाढीव मार्ग २७ मार्च २०२३ ला सुरू झाला. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास!

या तुकड्याची गरज मोठी होती. २००५ मध्ये सुरू झालेली नानाकुमा लाइन नैर्ऋत्येच्या हाशिमोतोहून निघून तेंजिन-मिनामीलाच थांबायची. विमानतळाची मेट्रो पकडायला गेटबाहेर पडून भूमिगत बाजारातून वेगळ्या तेंजिन स्टेशनपर्यंत चालावं लागे. सामान घेऊन ती पायपीट नकोच वाटते, बाजार कितीही देखणा असला तरी.

गाडी चार डब्यांची, बुटकी. लिनिअर मोटर (गोल न फिरता गाडीला सरळ पुढे ढकलणारी) असल्यामुळे खाली फिरणारी मोटर नाही, फरशी खाली येते आणि बोगदाही लहान पुरतो. पुढच्या डब्यात काचेजवळ उभं राहिलात तर रुळांच्या मधोमध पसरलेली धातूची पट्टी दिसते. तिच्याच जोरावर गाडी पळते. मधलं एकमेव नवं स्टेशन कुशिदा-जिंजा-माए, म्हणजे 'कुशिदा देवळासमोर'. तिथे उतरून देवळात जाऊन या. जुलैतल्या यामाकासा उत्सवाचा भलामोठा सजवलेला रथ तिथे ठेवलेला असतो.

एरवी रिकामी धावते म्हणून टीका झेललेली ही लाइन. सकाळी हाकाताहून फुकुओका विद्यापीठाकडे जाणाऱ्या गाडीत मला बसायला जागा मिळाली नाही.