सल्लागार मंडळ उपकेंद्रात येतं तेव्हा

आज एका आरोग्य संशोधन निधीचं सल्लागार मंडळ गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडच्या आमच्या उपकेंद्रात आलं होतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या झटपट तपासणी किटला पैसे द्यावेत की नाही, यावर यांचं मत जाणार. म्हटलं, फोटो काढतील, चहा घेतील, निघतील. फोटो काढलेच म्हणा!

पण त्यातल्या एक बाई आशाताईंशेजारी खाली सतरंजीवर बसल्या. किटचा डबा हातात घेऊन त्यावरचं बारीक अक्षर वाचलं: साठवण 2 ते 30 अंश. "मे महिन्यात कुठं ठेवाल?" आशाताई हसल्या. "मे महिन्यात आमच्या इथं माठातलं पाणीबी इतकं थंड नाई राहत जी." प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या फ्रिजमध्ये, लसीशिवाय काही ठेवता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. किट कंपनीचा माणूस गप्प.

मग प्रश्नच प्रश्न. पॉझिटिव्ह निघालेल्याची प्रयोगशाळेतली पक्की तपासणी (एचपीएलसी) कुठं? त्यावरचं औषध, हायड्रॉक्सीयुरिया, दर महिन्याला मिळेल? तीन वर्षांनी निधी संपला की किट कोण विकत घेणार?

असे सल्लागार हवेत. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली, 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथंही काम गावातल्या बायांनीच केलं होतं. मग मंडळात एखादी आशाताई का नको? मी विचारलं. अध्यक्षांनी वहीत लिहून घेतलंय. बघू.