तुम्ही विचारलंत म्हणून : खुंटीवरची तुटकी सुरी

आमच्या घरी जेवायला येणारं कुणीही स्वयंपाकघराच्या दाराशी जरा थबकतं. चौकटीशेजारच्या खुंटीला एक सुरी टांगलेली आहे. तिला टोक नाही, मूठ नाही आणि धारेपासून वर चढत गेलेली केसाएवढी चीर आहे. "ही तुटकी सुरी कशाला ठेवलीत?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय, की आता एकदा नीट सांगते.

ती मी केलेली पहिली सुरी.

वेंगुर्ल्याकडे आम्ही मासे विळीवर कापतो. माझा जन्म त्यात गेला. पण गुडघे कुरकुरायला लागले, खाली बसणं बंद झालं आणि ओट्याशी उभं राहून सुरमई कापायची वेळ आली. बाजारातून आणलेल्या सुऱ्यांची धार आठवडाभरसुद्धा टिकेना. मग वाडीतल्या लोहार मेस्त्रींच्या साळेत, म्हणजे त्यांच्या भट्टीच्या खोलीत, गेले. (आमच्याकडे सुतारालाही मेस्त्री म्हणतात आणि लोहारालाही.) लांब, पातळ सुरी करून द्या म्हटलं. ते कोयत्याला धार लावत होते. बोलता बोलता मीच म्हणाले, मला शिकवाल का? त्यांनी वर न बघताच सांगितलं, "आधी रंग बघूक शीक."

पावसाळ्याचे दिवस होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, त्यामुळे घरात मासे नाहीत. पेरणीआधीची फाळ-कोयत्यांची गर्दी सरलेली, त्यामुळे साळेतही निवांत. आठवडाभर मी नुसता पंखा फिरवला. करवंट्यांच्या कोळशावर लोखंड तापायचं आणि मी बघत बसायची. आधी काळपट, मग रातांब्यासारखं गडद लाल, मग जास्वंदीसारखं, मग पिकल्या सुपारीसारखं नारिंगी. त्यापुढे पिवळं. घण मारायचा तो नारिंगी-पिवळ्यावर. पुन्हा गडद लाल झालं की हात थांबवायचा, नाहीतर पातं आतून चिरतं.

लोखंड कुठलं, हेही तेव्हाच कळलं. बांधकामाची सळई चालत नाही. "सळयेक पाणी चढणा नाय," मेस्त्री म्हणाले. पोलादाला धार धरायला कार्बन लागतो आणि सळईत तो फार थोडा. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. ऐकायला एवढासा वाटतो, पण सगळा खेळ त्याचाच. कुडाळच्या भंगारातून पाट्याचा तुकडा आणला. पाच दिवस तो लांबवला, रात्रभर राखेत पुरून मऊ केला आणि कानशीने आकार दिला.

आता पाणी. कोयत्याला पाणी दिलंय म्हणतात ते पाणी. पोलाद साधारण 800 अंशांच्या वर गेलं की त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. तसंच सावकाश निवू दिलं तर तो पुन्हा वेगळा होतो. पण एकदम थंड केलं तर अडकून पडतो आणि पोलाद कानस न चालण्याइतकं कठीण होतं. या कठीण रूपाला मार्टेन्साइट म्हणतात, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन अभ्यासकाच्या नावावरून. मेस्त्रींना हे नाव ठाऊक नाही. पण त्यांचं पाणी मी बघितलंय. कोयत्याची फक्त धार क्षणभर पाण्यात टेकवतात आणि लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासतात. पाठीत उरलेली धग धारेकडे येते आणि उजळलेल्या पोलादावर रंग चालत येतात. आधी भाताच्या पेंढ्यासारखा पिवळा, मागून तपकिरी, मागून जांभळा. जांभळा धारेला टेकला की कोयता पुन्हा पाण्यात. तो फांदीवर आदळणार, म्हणून थोडा नरम हवा. सुरीला पेंढ्याचा पिवळाच पुरे. एवढं सगळं दहा-पंधरा श्वासांत होतं.

हे मी आठ-दहा वेळा बघितलं आणि मला वाटलं, कळलं.

एके सकाळी चक्क ऊन पडलं. मेस्त्री बाजारात गेले होते. मी अंगणात शेगडी मांडली, छोटा पंखा लावला आणि सुरी तापायला ठेवली. रंग येईना. येत होता, पण उन्हात तो दिसत नव्हता. लोहाराची साळ काळोखी का असते, दाराला गोणपाट का लावतात, हे मी त्या दिवशीपर्यंत कधी विचारलंच नव्हतं. मला जास्वंदी वाटला तेव्हा पातं कितीतरी पुढे गेलेलं होतं. शिवाय हौसेने मी धार आधीच कागदासारखी पातळ करून ठेवली होती. ती सबंध सुरी मी पाण्याच्या बादलीत बुडवली.

चर्रर्र आवाज झाला आणि त्याच्या आत एक बारीक "टिक".

संध्याकाळी सुरी साळेत नेली. मेस्त्रींनी ती नखाने वाजवली. चांगलं पातं खणखणतं, ही फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजली. मग त्यांनी टोक ऐरणीच्या कडेवर धरून हातोडी टेकवली. टोक सहज तुटलं. तुटल्या जागी जाड रव्यासारखे चकचकीत दाणे होते. त्यांनी आपल्या एका मोडक्या कोयत्याचा तुकडा शेजारी धरला. तिथे तांदळाच्या पिठासारखा बारीक, करडा पोत. जास्त तापलं की दाणा फुगतो, एवढंच ते बोलले. रागावले नाहीत. त्याने मला जास्तच वाईट वाटलं. मी सुरी भंगारात टाकायला निघाले तर म्हणाले, "टाकू नको. डोळ्यासमोर ठेव."

दुसरी सुरी मी साळेतच केली, गोणपाट ओढून. धारेला रुपयाच्या नाण्याएवढी जाडी ठेवली. एक चुंबक तारेला बांधून घेतलं. साधारण 770 अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याच्या थोडं वर गेलं की झालं. चुंबक सुटलं, रंग जास्वंदीवर आला आणि सुरी कोमट करंजेल तेलात सोडली. "पातळ पात्याक तेल व्हया," असं मेस्त्रींनी बजावलं होतं. तेल पाण्यापेक्षा सावकाश थंड करतं, त्यामुळे पात्याला तेवढा हिसका बसत नाही. मग घरी नानकटाईच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास. बाहेर आली ती पेंढ्याच्या रंगाची. फणसाच्या लाकडाची मूठ बसवली. तिने पहिलं कापलं ते गणपतीतलं अळू, आणि विसर्जनानंतर सुरमई. आजही रोज तीच हातात असते. खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबूस होते म्हणून पुसून खोबरेल लावते. कैरी कापली की निळसर काळी पडते, तो डाग मी घासत नाही.

यंदा मेस्त्रींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना सगळं पांढरंनिळं दिसतं. पन्नास वर्षं ओळखीचा असलेला तांबडा रंग जागेवर सापडत नाही. मृगाआधी कोयत्यांची रांग लागली तेव्हा त्यांनी मला बोलावणं धाडलं. मी भट्टीशी उभी राहिले. ते सांडशीत कोयता धरून, पाण्याकडे तोंड करून बसलेले.

"रंग इलो काय गो?"

"थांबा," मी म्हटलं. "अजून रातांबोच हा."