ग्योटिंगेनमध्ये पीएचडी: कॉलोक्वियम, करार आणि पुढची वाट

जर्मनीत पीएचडी करू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न हमखास फीचा असतो. इथे त्याचं फारसं ओझं नाही. उलट बरेचजण विद्यापीठात नोकरीला राहूनच पीएचडी करतात. पगार, रजा, आरोग्यविमा, सगळं रीतसर. करार मात्र पुष्कळदा अर्ध्या किंवा पाऊण वेळेचा आणि काम पूर्ण वेळेचं. हे मला अजिबात पटत नाही.

संशोधन लिहायचं कसं, हे मी इथे ग्योटिंगेनच्या विद्यापीठात शिकले, कॉलोक्वियममध्ये, म्हणजे विभागातल्या चर्चासत्रात. आपलं कच्चं प्रकरण आधीच सगळ्यांना पाठवायचं. त्या दिवशी प्राध्यापकांपासून एमएच्या मुलांपर्यंत प्रत्येकाच्या प्रतीवर पेन्सिलीच्या खुणा असतात. आपलं बोलणं संपलं की टाळ्यांऐवजी टेबलावर बोटांची पेरं वाजवतात आणि लगेच प्रश्न सुरू होतात. हे विधान कुठल्या पोथीच्या आधारे? या ओळीचा हाच पाठ, म्हणजे हेच शब्द, का घेतले, दुसऱ्या पोथीतले का नाही? ‘छान लिहिलंय’ म्हणून कुणी सोडून देत नाही. एकेका तळटीपेवर अर्धा तास वाद होतो, आणि मला त्याहून मोठा मान वाटत नाही: आपलं लिखाण कुणीतरी इतकं मन लावून वाचलेलं असतं.

ही शिस्त पुण्याला नवी नाही. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे वेगवेगळ्या पोथ्या ताडून ठरवलेली संहिता, काढणारे फ्रान्झ कीलहॉर्न आधी डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत. तिथून ते ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून आले. रा. गो. भांडारकरांना डॉक्टरेट दिली, तीही १८८५ मध्ये याच विद्यापीठाने.

पुढची वाट अवघड आहे. २००७ च्या कायद्यानुसार विद्यापीठात मुदतीच्या करारावर पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं काम करता येतं. वैद्यकशास्त्रात नंतरची ९. त्यानंतर कायमची जागा मिळवायची, नाहीतर एखाद्या प्रकल्पाच्या निधीवर राहायचं किंवा क्षेत्रच सोडायचं. कायम जागा मोजक्याच. २०२१ मध्ये ‘मी हाना आहे’ म्हणत हजारो तरुण संशोधकांनी ट्विटरवर आवाज उठवला, तो यावरच. हाना ही या कायद्याची भलामण करणाऱ्या सरकारी व्हिडिओतली काल्पनिक संशोधक.

म्हणून मुलाखतीत संकोच करू नका. करार किती वर्षांचा, पूर्ण वेळेच्या किती टक्के, आठवड्याला शिकवायचे तास किती, हे थेट विचारा. आधीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध पुरा करायला किती वर्षं लागली आणि ते आज कुठे काम करतात, हेही विचारा. इथे कुणाला त्यात उद्धटपणा वाटत नाही. जमलं तर त्यांच्यापैकी एखाद्याशी सही करण्याआधी बोलून घ्या.